ओटीतला नारळ आणि निरोपाचा नारळ

आपल्या भाषेत नारळ देण्याचे दोन प्रकार आहेत. गर्भवतीच्या ओटीत आपण नारळ घालतो तो शुभचिंतनाचा. आणि एखाद्याला नोकरीवरून दूर केले म्हणजे 'त्याला नारळ दिला' असे आपण म्हणतो, तो निरोपाचा. हे दोन्ही नारळ एकाच दिवशी, एकाच स्त्रीच्या पदरात पडलेले मी पाहिले आहेत; आणि दुसरा नारळ देणाऱ्यांच्या पंक्तीत मी स्वतः बसलो होतो. तेव्हा पुढे जे कठोर लिहिणार आहे ते प्रथम माझ्यावरच लिहिलेले आहे, असे वाचकांनी समजावे.

गोष्ट २०१९ सालची. आपल्याच ज्ञातिबांधवांनी चालविलेली एक लहानशी संस्था. गाव आणि नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशा संस्था गावोगाव आहेत. तेथे सहा वर्षे हिशेब लिहिणाऱ्या एका विवाहितेने बाळंतपणासाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मागितली. कार्यकारी मंडळाने माझे मत विचारले. मी दीड पानात ते दिले. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा दुकाने व आस्थापना यांना लागू व्हावयाचा तर तेथे दहा माणसे कामावर असली पाहिजेत; संस्थेत आठच होती; सबब संस्था बांधील नाही. मत कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होते. मंडळाने ते वाचले, समाधानाचा सुस्कारा टाकला, आणि त्या बाईंना 'मूल मोठे झाल्यावर जागा असल्यास पाहू' असे सांगून राजीनामा लिहून घेतला. त्याच सायंकाळी संस्थेच्या सभागृहात सुवासिनींनी तिची ओटी भरली. खण होता, तांदूळ होते, नारळ होता.

दारात मला गाठून तिने एवढेच विचारले : "वकीलसाहेब, या संस्थेत आणखी दोन माणसे नोकरीला असती, तर माझे बाळंतपण खरे ठरले असते का?"

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

आपल्या समाजात मातेचा गौरव करण्याची हौस मोठी आहे. उपनिषदाने तिला देव म्हटले, याची आठवण प्रत्येक वर्धापनदिनाच्या भाषणात होते. कोकणीतली 'आवय' आणि मराठीतली 'आई', दोन्ही शब्द उच्चारताना वक्त्यांचा कंठ दाटून येतो. परंतु या देवाचा नैवेद्य कोणी द्यावयाचा, हा प्रश्न निघाला की सभागृह शांत होते. "मातृत्वाचे मोल पैशांत करू नका," असे कोणी तरी गंभीरपणे म्हणतो. माझा अनुभव असा की, हे वाक्य नेहमी ज्याला पैसे द्यावयाचे असतात तोच म्हणतो. जिला ते मिळावयाचे असतात तिच्या तोंडून ते मी कधी ऐकले नाही. पुरोहिताला दक्षिणा दिल्याने मंत्राचे पावित्र्य उणावत नाही. मग बाळंतिणीला तिच्या बुडालेल्या पगाराची भरपाई दिल्याने मातृत्व कसे विटाळते?

किंबहुना आपल्या पूर्वजांना हे तत्त्व आपल्यापेक्षा अधिक कळत होते. सुयेराचे दहा दिवस, सव्वा महिन्याची विश्रांती, पाचवी-सहावीचे पूजन, बारसे. या साऱ्यांत धर्माचा भाग कोणता व रूढीचा कोणता हा वाद विद्वानांनी करावा. व्यवहारात त्याचा परिणाम असा होता की, त्या काळात बाळंतिणीकडे कोणी काम मागू शकत नव्हते. विटाळाच्या कल्पनेत स्त्रीची अवहेलनाही होती, हे मी नाकारीत नाही. पण त्या अवहेलनेच्या आडोशाला तिला पाठ टेकता येत होती. आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल तरी काय होती? तो कुटुंबांनी आपसांत केलेला विमाच होता. तूप, डिंक, सुईण, न्हाऊमाखू घालणारी बाई, या सर्वांचा खर्च मुलीचा बाप सोशीत असे. आणि त्याच्या सुनेचा खर्च तिचा बाप सोशीत असे.

तो विमा आता बुडाला आहे. आज माहेरची आई स्वतःच नोकरीवर जाते, किंवा दोन खोल्यांच्या घरात आजारी पतीची शुश्रूषा करीत असते. सुनेच्या पगारावर घराचा हप्ता चालतो. तो पगार सहा महिने थांबला तर घर हलते. विमा बुडाला, पण त्याचा बोजा कोठे गेला? तो त्या एकट्या बाईच्या अंगावर आला. आणि आपण मात्र अजूनही ओटी भरून आपले कर्तव्य संपले असे मानतो.

मी राहतो ते मंचेरियल हे गोदावरीकाठचे गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता स्वतःच जिल्ह्याचे ठाणे आहे. पलीकडे चंद्रपूर आणि गडचिरोली. मराठी बोलणारी घरे येथे नवीन नाहीत. १९५६ पूर्वी आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात राजुरा होते, ते पुढे महाराष्ट्रात गेले. सभोवार सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणी आहेत. या गावात राहून बाळंतिणींच्या तीन जाती मला दररोज दिसतात, आणि या जाती मनूने केलेल्या नाहीत, आमच्या कायद्यांनी केलेल्या आहेत.

पहिली जात सरकारी अथवा मोठ्या कंपनीच्या कायम नोकरीतली. केंद्र सरकारच्या सेवेत तिला १८० दिवसांची पगारी रजा आहे, पुढे मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंतची वेगळी रजा आहे. हे योग्यच आहे. त्यात एक दिवसही कमी व्हावा असे मी म्हणत नाही.

दुसरी जात खासगी आस्थापनेतली. तिच्यासाठी १९६१ चा कायदा झाला. प्रारंभी त्यात बारा आठवडे होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावल्या आहेत. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेले असावे, ही अट आहे; आणि दहा माणसांची अट संहितेतही कायम आहे. नवा ग्रंथ झाला, पण त्या बाईंचा प्रश्न जसाच्या तसा त्यात बांधला गेला.

तिसरी जात सर्वांत मोठी : शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या. तेलंगणाच्या या उत्तर भागात विडीचे काम घरोघर स्त्रिया करतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही प्रसूती लाभ कायदा लागू केला होता. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते. परंतु देताना हात आखडला. औषधोपचाराच्या बोनसचे कलम आणि प्रसूतीमुळे आलेल्या आजारासाठीच्या जादा रजेचे कलम, ही दोन कलमे घरी काम करणारीपुरती गाळून टाकली. कारखान्यात विडी वळणारी आजारी पडू शकते. घरात वळणारी पडत नाही, असे विधिमंडळाचे शरीरशास्त्र होते!

जिला कोणताच मालक नाही, तिच्यासाठी संसदेने २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान सहा हजार रुपयांचा प्रसूती लाभ लिहून ठेवला. प्रत्यक्षात २०१७ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार ठरले. जननी सुरक्षा योजनेची रक्कम मिळवून सरासरी सहा हजार होतात, असा सरकारचा हिशेब. दुसऱ्या अपत्यासाठी, तेही मुलगी झाली तरच, २०२२ पासून सहा हजार मिळू लागले. आता भागाकार करून पाहा. पाच हजारांना सव्वीस आठवड्यांच्या १८२ दिवसांनी भागले तर दिवसाला २७ रुपये ४७ पैसे होतात. ज्या राष्ट्राने मातेला देव म्हटले, त्याने तिच्या एका दिवसाची पूजा एवढ्यात बांधून टाकली आहे.

तेलंगणाने जून २०१७ मध्ये आपली स्वतंत्र योजना काढली : सरकारी रुग्णालयात प्रसूती झाल्यास मुलासाठी बारा हजार, मुलीसाठी तेरा हजार, आणि बाळाच्या वस्तूंची पेटी. रक्कम केंद्राहून अधिक, हे कबूल केले पाहिजे. पण त्या पेटीला नाव होते त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांचे. डिसेंबर २०२३ मध्ये सत्तांतर झाले आणि ते नावही गेले. बाळंतिणीला जे मिळते ते देणगीदाराच्या नावाने मिळत असेल, तर देणगीदार बदलला की तिने पुन्हा हात जोडून उभे राहावे लागते. हक्काला कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. सर्वांत जबरदस्त आक्षेप व्यापारी आणि संस्थाचालक यांचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात : "सहा महिने बसून पगार द्यावयाचा आणि शिवाय बदली माणसालाही द्यावयाचा, तर आम्ही स्त्रियांना नोकरीवर ठेवणारच नाही." ही धमकी वाटली तरी यात सत्य आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा वाढविली, पण तिचा सारा भार एकट्या मालकावर टाकला. सरकारने स्वतःच्या तिजोरीला हात लावला नाही. दानाचे पुण्य संसदेने घेतले आणि बिल दुकानदाराकडे पाठविले. त्याचा परिणाम असा की, मुलाखतीला आलेल्या तरुणीकडे पाहताना मालकाच्या डोळ्यांपुढे तिची पदवी येत नाही, तिचे लग्न येते.

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? स्त्रीचा हक्क काढून घ्यावा हा नव्हे. बोजा एका खांद्यावरून अनेक खांद्यांवर घ्यावा हा. आणि ही कल्पना परदेशातून उसनी आणावी लागत नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हेच मांडले होते की, मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून याचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे; तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ मालकही घेतो, सबब त्यालाही अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. स्वतः कायद्याचे पदवीधर म्हणविणाऱ्या आम्ही जवळजवळ शंभर वर्षांनंतरही त्या युक्तिवादाच्या पुढे गेलो नाही. किंबहुना मागेच आहोत.

सामायिक निधीची रीतही आपल्याकडे आहे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत १ जुलै २०१९ पासून मालक पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो. आणि प्रसूतीचे सव्वीस आठवडे पूर्ण पगाराच्या दराने मंडळ देते, मालक नव्हे. वर्गणी स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखीच. त्यामुळे तरुण स्त्रीला नोकरी दिल्याने मालकावर रजेच्या पगाराचा एक पैसाही अधिक पडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २००० सालच्या करारातही हेच तत्त्व आहे, की या लाभाचा प्रत्यक्ष खर्च एकट्या मालकावर पडू नये. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठविलेली नाही. ती उठविली पाहिजे, आणि दहा माणसांची अट काढून हा विमा लहानातल्या लहान दुकानापर्यंत नेला पाहिजे. मालक नसलेल्या मातेचा वाटा सरकारने भरला पाहिजे.

दुसरा आक्षेप : "अशाने लोकसंख्या वाढेल." सहा महिन्यांच्या पगारासाठी कोणी नऊ महिने गर्भ वाहील आणि वीस वर्षे मूल वाढवील, हे गणित ज्याला पटते त्याच्याशी वाद करणे कठीण आहे. याच भीतीपोटी तमिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेला रजा नाकारली गेली होती. पहिल्या विवाहातील दोन अपत्यांवर बोट ठेवून तिच्या पुनर्विवाहानंतरचे मूल 'तिसरे' ठरविले गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि प्रसूतिरजेचे नाते स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांशी जोडले. न्यायालयांनी या विषयात वेळोवेळी विधिमंडळाहून अधिक माणुसकी दाखविली आहे. १९७७ मध्ये मळ्यातील एका कामगार स्त्रीला लाभ देताना मालकाने आठवड्याचे सहाच दिवस मोजले. रविवारी ती काम करीत नव्हती म्हणून रविवारचा पैसा कापला. न्यायालयाने सांगितले, आठवडा सात दिवसांचा असतो. १९८१ मध्ये हवाईसुंदरीची नोकरी पहिल्या गर्भधारणेबरोबर संपविणारा नियम त्याच न्यायालयाने फेकून दिला. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ दिला. प्रत्येक वेळी समोर एखादी सन्माननीय संस्था उभी होती, आणि तिच्या बाजूने माझ्यासारखा एखादा वकील बिनचूक मत देत होता.

तिसरा आक्षेप घरातला आहे : "बापाला रजा कशाला? तो काय मुलाला पाजणार आहे?" पाजणार नाही, पण रात्री बाळ खांद्यावर घेऊन फिरेल, औषध आणील, दुपटी धुईल, आणि बाळंतिणीला दोन तास झोप मिळवून देईल. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्वरजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. स्वीडनने १९७४ मध्येच हा लाभ आईबाप दोघांना वाटून घेण्यास मोकळा केला. जर्मनीत २००७ पासून मूल सांभाळण्यासाठी काम थांबविणाऱ्या पालकाला निव्वळ मिळकतीच्या सुमारे दोनतृतीयांश रक्कम सरकारी तिजोरीतून मिळते, आणि दुसऱ्या पालकानेही काम थांबविले तर मुदत दोन महिन्यांनी वाढते. तेथील पुरुषांचे पौरुष त्यामुळे कमी झाल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे माहेरचा आधार तुटल्यावर बाळंतिणीच्या खोलीत रात्री उरतो तो फक्त नवरा. त्याला रजा देणे ही चैन नव्हे. तुटलेल्या माहेराची ती भरपाई आहे.

हे सर्व सरकारने करावे, हे लिहून मला लेख संपविता आला असता, आणि वाचकांनीही मान डोलावून पान उलटले असते. पण सरकारला उद्देशून लिहिलेले बहुतेक लेख आपल्याला स्वतःकडे पाहण्यापासून वाचवितात. म्हणून मी पुन्हा त्या आठ माणसांच्या संस्थेकडे येतो.

तिचा पगार बारा हजार होता. सहा महिन्यांचे बहात्तर हजार झाले असते. त्याच वर्षी संस्थेने वर्धापनदिनाच्या मांडवावर आणि जेवणावळीवर त्याहून अधिक खर्च केला. मीही त्या पंक्तीत जेवलो. तेव्हा पैसा नव्हता, हे खरे नाही. पैसा होता, पण बाळंतपण हे संस्थेच्या खर्चाचे कारण आहे असे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आले नाही. आपल्या मंदिरांच्या आणि मंडळांच्या जमाखर्चात दीपाराधना आहे, पालखी आहे, संतर्पण आहे, हुशार मुलांची बक्षिसे आहेत. ती हुशार मुले ज्यांच्या पोटी जन्मली त्यांच्या विश्रांतीसाठी एक ओळही नाही.

नव्या संहितेने एक वाट उघडली आहे, ती प्रत्येक विश्वस्त मंडळाने लक्षपूर्वक वाचावी. दहापेक्षा कमी माणसे असलेली आस्थापना, मालक आणि बहुसंख्य सेवक यांची संमती असेल तर, आपखुशीने राज्य कामगार विम्यात येऊ शकते. बारा हजार पगाराच्या सेवकामागे संस्थेचा वाटा महिन्याला ३९० रुपये. आठ जणांचे ३,१२० रुपये. एवढ्यात प्रसूती, आजारपण आणि अपघात या तिन्हींची सोय होते. कोणतीही संस्था एवढी दरिद्री नाही. आणि असेलच, तर चार संस्थांनी मिळून मातृनिधी काढावा, उत्सवाच्या प्रत्येक वर्गणीतला लहानसा भाग त्यात घालावा. 'कायद्याने बांधील नाही' हे मत आता वकिलाकडून मागवू नये. निदान माझ्याकडून ते यापुढे मिळणार नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येते. बाई, तुमचे बाळंतपण खरेच होते. खोटे होते ते आमचे मोजमाप. आम्ही माणसे मोजली आणि आठवर थांबलो; नववे तुमच्या पोटात होते, ते आम्ही धरले नाही.

वाचकांपैकी जे कोणी एखाद्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर असतील, त्यांनी पुढच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. ओटी अवश्य भरावी, नारळही घालावा. पण ओटी भरणाऱ्या हातांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून घेऊ नये. देवळाच्या पायरीवर नारळ फोडणाऱ्या आपल्या समाजाला या दोन नारळांतला भेद कळावयास एवढा काळ लागावा, ही गोष्ट भूषणावह नाही.